दर वेळी शॉर्ट सर्किटच का?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेली तीसेक वर्षं वायरमनचं काम करतोय, आता गुडघ्यांनी शिडीला नाही म्हटलंय त्यामुळे हल्ली मी खाली उभा राहून सांगतो आणि हाताखालची पोरं काम करतात. पेपर मात्र रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. आणि ती एक ओळ काही दिवसांनी परत परत येतेच, "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे". घर असू दे, दुकान असू दे, गोडाऊन असू दे, कारण ठरलेलं. मला तर वाटतं ही ओळ तुमच्याकडे आधीच टाइप करून ठेवलेली असावी, फक्त पत्ता बदलायचा. राग मानू नका. पण त्यात परवाच्या रविवारी पुरवणीत सॉकेट घरच्या घरी दहा मिनिटात कसा बदलायचा असा लेख आला, आणि त्यातल्या तिसऱ्या फोटोत दोन वायरी एकमेकीला पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. तो फोटो बघितला आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण तुमची ती ओळ आणि हा फोटो यांचा फार जवळचा संबंध आहे.

आधी शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते बघू. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल, म्हणजे तो परत नेणारी, मध्ये काही लोड, म्हणजे वीज खाणारं उपकरण, नसताना थेट एकमेकांना चिकटले की शॉर्ट. तेव्हा करंट एकदम शंभर, दोनशे अँपिअर किंवा त्याहून वर उडी मारतो, आणि डीबीमधली, म्हणजे घराच्या मुख्य पेटीतली, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, नेमकी ह्याच्यासाठीच बसवलेली असते. 16 अँपिअरची सी टाइपची एमसीबी असेल तर तिच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअरच्या दरम्यान ती जागच्या जागी पडते, सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत. ठिणगी उडते, आवाज होतो, लाइट जाते, घरातले घाबरतात, आणि विषय संपतो. चांगली एमसीबी असलेल्या घरात निव्वळ शॉर्ट हा तसा प्रामाणिक फॉल्ट आहे, आल्याचं ओरडून सांगतो.

जो ओरडत नाही तो लूज जोड.

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मी आजवर काढलेले जळके सॉकेट, वितळलेले कनेक्टर, काळ्या पडलेल्या वायरींचे तुकडे ठेवलेत, प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, त्यावर लोड काय होता आणि गडबड कुठे सापडली एवढंच. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला पक्कड देत नाही, हा डबा देतो आणि म्हणतो चिठ्ठ्या वाच. गिझर, फेजचा स्क्रू सैल. इस्त्री, सॉकेटची पत्ती पसरलेली. एसी, पिळून टेप. गिझर, पिळून टेप. हीटर, स्क्रू इन्सुलेशनवर बसलेला. परत गिझर. शॉर्ट सर्किट लिहिलेली चिठ्ठी शोधायला बसलात तर एक सापडेल, आणि ती उंदराने वायर कुरतडलेली.

आता हे नेमकं होतं कसं ते सांगतो, थोडं गणित आहे पण सातवीचं. जोडातून करंट जाताना जी उष्णता तयार होते ती करंटचा वर्ग गुणिले जोडाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो. जोड घट्ट असेल तर त्याचा रेझिस्टन्स ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो, उष्णता नगण्य, हाताला काही कळणार नाही. तोच जोड सैल झाला आणि रेझिस्टन्स फक्त 0.3 ओहम झाला, तर 8.7 चा वर्ग गुणिले 0.3, म्हणजे जवळपास 23 वॅट. 23 वॅट म्हणजे काय वाटणार, बल्ब तर याच्यापेक्षा मोठे असायचे. पण रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते हो, आणि तिचं टोक तीनशे डिग्रीच्या वर जातं. म्हणजे तुमच्या भिंतीत, प्लास्टिकच्या पेटीत, हवा खेळत नाही अशा जागी, कोणीतरी सोल्डरिंगची इस्त्री चालू करून ठेवलीय आणि झाकण लावून निघून गेलाय. वायरचं साधं पीव्हीसी कव्हर 70 डिग्रीपर्यंतच चालायला बनवलेलं असतं.

आणि यातली खरी मेख अशी की गिझरला काहीच कळत नाही. 8.7 गुणिले 0.3 म्हणजे जेमतेम 2.6 व्होल्ट त्या जोडात पडतात, उरलेले 227 गिझरला मिळतात, पाणी तापतं, सगळं छान. एमसीबीला तर काहीच दिसत नाही कारण करंट वाढलेला नाही, उलट केसभर कमीच झालाय. ती जास्त करंट मोजायला बसवलीय, उष्णता दुसरीकडे कुठे होतेय ते तिला कोण सांगणार. तसंही 16 ची एमसीबी म्हणजे 16 च्या वर एक अँपिअर गेला की पडली असं नसतं, 18 अँपिअरला ती तासभर शांत राहू शकते, 23 च्या पुढे गेलं तर तासाभरात पडेल असा तिचा हिशोब. मग लोक म्हणतात आमच्याकडे आरसीसीबी पण आहे. असू दे, असायलाच पाहिजे, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाचा जीव वाचवते. पण ती बघते गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा आहे का. सैल जोडात सगळा करंट जातो तसाच परत येतो, गळत कुठेच नाही. तीही गप्प. अमेरिकेत 1999 च्या वायरिंग नियमावलीत ठिणगी ओळखणारे ब्रेकर आले, बेडरूमपासून सुरुवात केली, आता इतरही काही देशात तसले मिळतात. पण जोडात ठिणगी न उडता नुसता निखारा धुमसत असेल, तांब्याच्या ऑक्साइडचा एक एवढासा ठिपका लाल होऊन बसतो तसा, तर तेही त्यांच्या नजरेतून सुटू शकतं.

मग शेवटी काय होतं, इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, जळून त्याचा कोळसा होतो, कोळशातून करंट वाहायला लागतो, फेज न्यूट्रल एकत्र येतात आणि तेव्हा कुठे शॉर्ट होतो आणि एमसीबी पडते, पण तोपर्यंत बोर्डाला टेकलेलं कपाट पेटलेलं असतं. नंतर बघायला येणाऱ्याला काय दिसणार, वितळून चिकटलेल्या तारा. लिहिलं शॉर्ट सर्किट. हे म्हणजे गेलेल्या माणसाच्या कागदावर कारण म्हणून "हृदय बंद पडलं" लिहिण्यासारखं झालं, सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

लोक मला नेहमी एक विचारतात, इतकी वर्षं हाच बोर्ड चालतोय, आजच कसा जळला. त्याचंही उत्तर करंटच्या त्या वर्गातच आहे. त्या सॉकेटवर इतकी वर्षं मोबाईलचा 20 वॅटचा चार्जर चालत होता. यंदा थंडी पडली म्हणून कोणीतरी तिथे 2000 वॅटचा हीटर लावला. करंट 100 पट झाला, त्यामुळे त्याच जोडातली उष्णता झाली 10,000 पट. जोड पहिल्या दिवसापासून वाईटच होता, त्याची परीक्षा आत्ता झाली.

आता येऊ त्या फोटोकडे. पिळून टेप. टेपचं काम इन्सुलेशनचं, पकड धरायचं नाही. पीव्हीसी टेपचा डिंक उष्णतेने पातळ होतो, टेप हळूहळू सुटते, चिकट काळं काहीतरी उरतं, ज्यांनी जुने बोर्ड उघडलेत त्यांना तो चिकटपणा बोटांना आठवत असेल. आणि पीळ? वायर तापते, फुगते, थंड होते, आकसते, रोज दोनदा तीनदा, वर्षानुवर्षं, पिळाला मागून दाबून धरणारं काहीच नसतं त्यामुळे तो सैल होत जातो, मध्ये हवा शिरते, तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स वाढतो, अजून तापतं, अजून सैल होतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. काही जण म्हणतील पूर्वीचे लोक पिळूनच जोडायचे, तारायंत्राच्या लाइनी नाही का पिळलेल्या असायच्या. असायच्या ना, पण ती जाड एकेरी तार असायची, पीळ मारायची ठरलेली पद्धत होती आणि वरून सोल्डर ओतलेलं. आपण पद्धतीतला सोपा भाग तेवढा ठेवला आणि कष्टाचा गाळला.

चांगल्या कनेक्टरमध्ये एकच गोष्ट असते, वायरला कायम दाबून धरणारं काहीतरी, स्क्रू नाहीतर स्प्रिंग. कॅनडात विल्यम मार नावाच्या माणसाने 1914 साली सोल्डर आणि टेपशिवाय वायर जोडायचा कनेक्टर काढला, त्याचीच पुढची भावंडं म्हणजे ती फिरवून बसवायची टोपी, आतून स्प्रिंग असलेली. तिकडच्या व्हिडिओत ती सगळीकडे दिसते. तिचं ठीक आहे पण ती मुख्यतः एकेरी कडक तारेसाठी सोयीची, आणि किती जाडीच्या किती वायरी आत चालतात ते पाकिटावर लिहिलेलं असतं ते पाळायचं. बारीक तारांचा झुपका असलेली फ्लेक्सिबल वायर त्यात कोंबली तर अर्ध्या तारा बाहेर राहतात किंवा तुटतात.

मला स्वतःला विचाराल तर हल्लीचे लिव्हरवाले कनेक्टर फार आवडतात, जर्मनीच्या वागो कंपनीचे प्रसिद्ध आहेत, आता बरेच जण तसले बनवतात. नारिंगी खटका वर करायचा, वायर शेवटपर्यंत घालायची, खटका खाली. स्प्रिंग दाबून धरते, वायर तापून फुगली आकसली तरी स्प्रिंग मागे मागे येते, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. फ्लेक्सिबल पण चालते, कडक पण चालते. एका भोकात एकच वायर. सोलायची 11 मिलिमीटर, त्यांच्या 221 नंबरच्या कनेक्टरवर ती लांबीची खूणच असते, अंदाजाने नाही. कमी सोलली तर स्प्रिंग इन्सुलेशनवर चावते आणि वरून सगळं मस्त दिसतं, जास्त सोलली तर तांबं उघडं राहतं. अंग पारदर्शक असतं त्यामुळे वायर टोकापर्यंत गेली का ते डोळ्यांनी बघता येतं, आणि बघायचं. नुसते ढकलून बसवायचे छोटे कनेक्टर पण येतात, खटका नसलेले, ते कडक तारेसाठी, त्यात मऊ वायर ढकलली तर ती आत दुमडते आणि तुम्हाला वाटतं बसली.

स्क्रूवाल्या पट्ट्या, म्हणजे त्या बारा बारा खणांच्या पांढऱ्या, त्या वाईट नाहीत पण त्यांच्याशी नीट वागावं लागतं. स्क्रूचं टोक फिरताना बारीक तारा कापतं. चाळीस तारांतल्या दहा कापल्या गेल्या की उरलेल्या तीस सगळा करंट वाहतात. म्हणून फ्लेक्सिबल वायरच्या टोकाला पिन लग, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवायचा, क्रिंपिंगच्या पक्कडीने, साध्या पक्कडीने चेपून नाही. आणि टोकाला सोल्डर लावून मग स्क्रू आवळायची हुशारी काही जण करतात, मीही सुरुवातीला करायचो, वाटायचं किती पक्कं झालं. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली ते हळूहळू सरकतं, सहा महिन्यांनी तोच स्क्रू हाताने फिरतो. हे मी पुस्तकात वाचून नाही, स्वतः केलेले जोड परत उघडून शिकलो, त्यातले दोन डब्यात आहेत, चिठ्ठीवर माझंच नाव आहे.

एक राहिलं, अॅल्युमिनियम. जुन्या घरात वायर चंदेरी दिसली तर थांबा. तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र पिळू नये म्हणजे नाहीच. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो आणि तो करंट जाऊ देत नाही, ते तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं, दाबाखाली चेपत जातं, आणि ओल असेल तर दोन धातूंमध्ये गंज पकडतो. अमेरिकेत 1965 ते 1973 च्या सुमाराला बऱ्याच घरात अॅल्युमिनियमचं वायरिंग झालं आणि नंतर जोडांच्या जागी आगी लागायला लागल्या तेव्हा सगळे जागे झाले. त्यासाठी वेगळे कनेक्टर येतात, त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तो त्यासाठी नाही.

सॉकेटचं सांगतो, कारण लेख सॉकेटचाच होता. सॉकेटच्या मागे अक्षरं असतात, एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, आणि अर्थिंगची ती आडव्या रेघांची खूण. बटण फेजमध्येच पाहिजे. न्यूट्रलमध्ये बटण टाकलं तरी दिवा बंद होतो, पंखा थांबतो, म्हणून कोणाला कळत नाही, पण बटण बंद करूनही आतपर्यंत फेज उभा असतो आणि बल्ब बदलणारा झटका खातो. वायर स्क्रूखाली घालताना तांबं स्क्रूखाली गेलं पाहिजे, इन्सुलेशन नाही, ही चूक डब्यात सगळ्यात जास्त आहे, आवळताना छान घट्ट लागतं कारण तुम्ही प्लास्टिक आवळताय, प्लास्टिक तापलं की मऊ, मग सैल. भोक मोठं आणि वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करून घालायचं. आवळून झालं की प्रत्येक वायरला एक हिसका द्यायचा, प्रेमाने नाही, खरा हिसका. सुटायची असेल तर आत्ताच सुटू दे. पेटीत वीतभर वायर जास्तीची ठेवावी, ताणून बसवलेली वायर बोर्ड मागे ढकलताना स्वतःच स्क्रूतून निघते. आणि सोलायला स्ट्रिपर वापरा हो, दातांनी वायर सोलणारे मी पाहिलेत, पक्कडीने तर सगळेच, आणि तारेला खाच पडते ती तिथेच तुटते.

सॉकेटमध्ये प्लग घालतो तोही एक जोडच आहे, हे लोक विसरतात. आतल्या पितळेच्या पत्त्या वापरून वापरून पसरतात, प्लग हलतो, घसरून खाली येतो, मग कोणीतरी कागदाची घडी घालतं नाहीतर पिन वाकवून घालतं. असा सॉकेट दुरुस्त होत नाही, बदलायचा. जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटला बसवायचे अडॅप्टर, त्यावर मल्टीप्लग, त्यावर एक्स्टेंशन, आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळीतच ठेवलेली, ही सगळी मंडळी हीटर गिझर इस्त्रीसाठी नाहीत, यावर जास्त लिहीत नाही. वायरची जाडी पण लोडप्रमाणे, दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, सॉकेटला अडीच, मोठ्या लोडला चार, ही साधारण पद्धत, लांबी आणि पाइपातल्या गर्दीप्रमाणे बदलते. आणि वायर वितळू नये म्हणून एमसीबी, त्यामुळे वायर तीच ठेवून "सारखी पडते" म्हणून मोठी एमसीबी टाकणारा माणूस नेमकं उलटं करत असतो.

पण सगळ्यात जास्त चीड मला एका गोष्टीची येते. अर्थिंगची वायर आलेली नसते, मग सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा छोटा तुकडा टाकून देतात. साध्या टेस्टरने, अगदी मीटरने पण बघितलं तर सगळं बरोबर येतं, फेज ते अर्थ 230. गिऱ्हाईक खुश. आता समजा मागे कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला, वरती म्हटला तसला पिळलेला. त्या सॉकेटवरचं वॉशिंग मशीन बंद पडतं, लोकांना वाटतं लाइट गेली. पण फेज मशीनमधून फिरून न्यूट्रलवर येतो, पुढे वाट नाही, त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तिथून मशीनच्या पत्र्यावर. मशीन बंद, आणि पत्र्यावर पूर्ण व्होल्टेज. हात लावणारा जमिनीवर उभा. अर्थ नसेल तर नाही म्हणून सांगा, आरसीसीबी बसवा, अर्थ ओढून घ्या, पण खोटा अर्थ देऊ नका.

आता व्हिडिओंबद्दल. पोरं मला दाखवतात, काका हा बघा कसा मस्त सॉकेट बसवतोय. मस्त बसवतो, मान्य. पण तो अमेरिकेचा असतो, तिथे काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल, अर्थ हिरवी किंवा उघडी तांब्याची. लाल काळी हिरवी या जुन्या पद्धतीत काळी म्हणजे न्यूट्रल. आणि नवीन पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरव्यावर पिवळी रेघ अर्थ. म्हणजे एकच काळी वायर, एका व्हिडिओत मारणारी आणि एका घरात त्या मानाने गरीब. त्यात तिकडचं व्होल्टेज 120. रंग ही आधीच्या वायरमनने केलेली बडबड आहे असं समजा, खरीही असेल, पण त्याच्याकडे त्या दिवशी लाल संपली होती का हे तुम्हाला माहीत नाही. मोजून बघायचं.

मोजायचं म्हणजे त्या स्क्रू ड्रायव्हरसारख्या टेस्टरने नाही. त्यातला दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या बारीकशा करंटवर पेटतो, कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल तर फेज असूनही मिणमिणतो किंवा दिसतच नाही, उन्हात तर नाहीच. न पेटलेला टेस्टर म्हणजे वीज नाही, यावर विश्वास ठेवून हात घालणारे मी पाहिलेत. मीटर घ्या, आधी चालू सॉकेटवर तपासा की मीटर चालतोय, मग बंद केलेल्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा, मग परत चालू सॉकेटवर, मीटर मधेच मेला नाही ना. हे तीनदा बघणं कंटाळवाणं आहे, करा. आणि मेन बंद केला म्हणजे घर बंद झालं असं नाही, घरात इन्व्हर्टर असेल, बॅटरीवालं सोलर असेल, तर मेन पाडल्यावर इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो इमानदारीने लगेच बोर्डात करंट पाठवतो. एकदा तरी हे प्रत्येक वायरमनने खाल्लेलं असतं, मी पण. इन्व्हर्टर बंद, त्याची आउटपुटची एमसीबी असेल तर ती पण खाली, आणि डीबीवर चिठ्ठी लावा नाहीतर घरातलं कोणीतरी "अरे लाइट कशी गेली" म्हणत वर करतं.

जोड करायची जागा पेटीत, झाकण उघडता येईल अशी. पाइपाच्या आत जोड नाही, प्लास्टरच्या आत नाही, फॉल्स सीलिंगवर लोंबकळता तर मुळीच नाही. उद्या तो तापला तर हात तिथपर्यंत पोचला पाहिजे. आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीतलं वायरिंग लायसन्सवाल्या माणसानेच करावं असा कायदा आहे, त्यामुळे हे पत्र वाचून कोणी पक्कड घेऊन बसू नये, वायरमन काम करत असताना शेजारी उभं राहून काय बघायचं ते कळावं म्हणून लिहितोय. वायरमनला राग येईल, येऊ दे.

आग लागायच्या आधी जोड खुणा देतो. बोर्डाची प्लेट पिवळी तपकिरी होते, प्लग काढल्यावर पिन हाताला चटका देते, बटण दाबताना तडतड ऐकू येते, दुसरं काही चालू केलं की दिवे लुकलुकतात, आणि वास. जळकट वास उशिरा येतो, त्याच्या आधी बऱ्याचदा कुजक्या मासळीसारखा वास येतो, तापलेल्या प्लास्टिकचा. एका घरात त्यांनी त्या वासापायी दोन दिवस मेलेला उंदीर शोधला, कपाटं हलवली, तेव्हा कपाटामागचा बोर्ड दिसला, अर्धा वितळलेला. कपाट हलवलं नसतं तर तुमच्याकडे तीच ओळ छापून आली असती.

म्हणून संपादक साहेब, विनंती दोनच. एक, तुमच्या बातमीदारांना सांगा की आग लागली की "शॉर्ट सर्किट" लिहायच्या आधी निदान विचारावं, कुठे सुरू झाली, तिथे जोड होता का, सॉकेटवर काय चालू होतं. उत्तर मिळालं नाही तर "कारण कळलेलं नाही" लिहा, त्यात कमीपणा काय. शॉर्ट सर्किट वाचून लोकांना वाटतं ही विजेची काहीतरी दैवी करणी, आपण काय करणार. सैल जोड वाचलं तर एखादा तरी उठून बोर्डाला हात लावून बघेल, गरम आहे का. दुसरी, पुरवणीतला तो तिसरा फोटो मागे घ्या आणि त्याच जागी, त्याच आकारात, कनेक्टर नीट बसवलेल्या वायरीचा फोटो छापा. फोटो मी पाठवतो, हवा तर डबा पण पाठवतो, फक्त परत करा.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक जुना वायरमन

ता.क. पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली फार छान, आणि वॉशिंग मशीनचा सॉकेट गरम होतो म्हणून मी दोन महिने सांगतेय त्याचं काय. लगेच मेन पाडून उघडला. न्यूट्रलचा स्क्रू पाऊण आटा फिरला, वायर बोटाच्या पेराइतकी तपकिरी झालेली. वायर मागे कापून चांगल्या तांब्यापासून परत जोडली, सॉकेट नवीन टाकला आणि जुना डब्यात. चिठ्ठीवर लिहिलं, वॉशिंग मशीन, न्यूट्रल सैल, घर स्वतःचं.